लहान शर्यती आणि लांबची वाट

पातुराहून अकोल्यास जाणारी सडक सुमारें ३० ते ३२ किलोमीटरांची आहे. मॅरेथॉनचें अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. म्हणजे पातूर सोडून अकोलें गांठलें तरी धांवणाऱ्यापुढें आणखी दहा-बारा किलोमीटर उरतात. या सडकेवर पहांटे सराव करणारा आमचा एक विद्यार्थी गेल्या वर्षीं आमच्याकडे एक वाद घेऊन आला. पांच किलोमीटरांच्या स्थानिक शर्यतींत उतरावें, असें त्याच्या मनांत होतें. वडिलांचें म्हणणें असें, कीं ज्यास दूर जावयाचें त्यानें जवळच्या बक्षिसासाठीं दम खर्चूं नये. आम्ही इतिहासाचे अध्यापक. धांवण्याशीं आमचा संबंध वाचनापुरताच. तथापि या वादाचा निर्णय इतिहासाकडे मागावा, असें आम्हीं ठरविलें.

१९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प येथें ऑलिंपिक सामने झाले. त्यांत हिंदुस्थानचे जे मोजके खेळाडू गेले, त्यांच्या जाण्याचें मूळ पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील शर्यतींत आहे. तेथें अध्यक्ष म्हणून आलेल्या सर दोराबजी टाटांनीं काय पाहिलें? शेतांत राबणारीं पोरें, पायांत कांहीं नाहीं, खालीं ओबडधोबड जमीन. शंभर यार्डांची धांव तीही वळणावरून! नियमांची ओळख नाहीं, शास्त्रीय शिक्षण नाहीं. तरीही त्यांच्या वेळा, विशेषतः लांबच्या शर्यतींतील, युरोपांतील वेळांशीं ताडून पाहण्याजोग्या टाटांस वाटल्या. जिमखान्याची ती गांवठी शर्यत भरली नसती, तर हे पाय कोणाच्या दृष्टीस पडले असते?

बेळगांवचे फडेप्पा चौगुले २२ ऑगस्ट १९२० रोजीं अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्यें धांवले. अंतर अद्याप कायमचें ठरलें नव्हतें. तेथील मार्ग ४२.७५ किलोमीटरांचा होता. चौगुल्यांनीं तो २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत तोडून एकोणिसावें स्थान मिळविलें. त्यांचे सहकारी सदाशिव दातार यांस मात्र शर्यत पुरी करतां आली नाहीं. पहिला आला तो फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन, चौगुल्यांच्या सुमारें १८ मिनिटें आधीं. याच गृहस्थानें १९१२ सालीं स्टॉकहोम येथें ५,००० आणि १०,००० मीटरांच्या शर्यती जिंकल्या होत्या. पुढें १९५२ सालीं हेलसिंकीस चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकनें तर या दोन्ही शर्यती जिंकून, त्याच सामन्यांत, आयुष्यांतील पहिलीच मॅरेथॉनही जिंकली. लहान अंतरानें मोठ्या अंतराचें नुकसान होतें, हें मत या दाखल्यांपुढें टिकत नाहीं.

परंतु वडिलांचें म्हणणें सर्वस्वी टाकाऊ आहे काय? तसेंही नाहीं. तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास स्नायूंतील सांठविलेली साखर सरूं लागते आणि पाय जड होतात. तो प्रसंग पांच किलोमीटरांत येतच नाहीं. त्यासाठीं संथ, लांबलचक धांवच हवी. शिवाय दर रविवारीं बक्षिसामागें जीव तोडून धांवणारा पुढचे दिवस थकव्यांत घालवितो. म्हणून लहान शर्यत ही त्या आठवड्याच्या कठीण सरावाच्या जागीं यावी, त्याच्यावर भर म्हणून येऊं नये. आणि नंतर दोन-तीन दिवस पायांस सैल सोडावें. एवढें पथ्य पाळलें, तर मोजलेला मार्ग, घड्याळ आणि शेजारीं धांवणारा प्रतिस्पर्धी हीं तिन्हीं मिळून जें शिकवितात, तें एकट्यानें सडक तुडवून मिळत नाहीं.

आमचा विद्यार्थी अखेर शर्यतींत उतरला. पहिला किलोमीटर तो वाऱ्यासारखा सुटला, आणि शेवटच्या किलोमीटरांत एकामागून एक सात जण त्यास मागें टाकून गेले. "सर, अकोल्याच्या सडकेवर मला मागें टाकणारें कोणी नव्हतें, म्हणून माझी घाई मला कळलीच नाहीं," असें तो म्हणाला. वडील शेजारींच उभे होते. त्यांनीं बक्षिसाची गोष्टच काढली नाहीं. पुढची शर्यत केव्हां आहे, एवढेंच विचारलें.