पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडणे : कारणे, गैरसमज आणि घरच्यांनी काय करावे

आपल्या घरांत याला 'हमल गिर गया' म्हणतात. त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, 'क्या उठाई थी? क्या खाई थी?' भंडारा असो, तुमसर असो की पवनी, बहुतेक घरांत हा प्रश्न सुनेलाच विचारला जातो. म्हणून आधी खरी कारणे समजून घेऊ.

किती वेळा होते?
लक्षात आलेल्या दर 100 गर्भधारणांपैकी साधारण 10 ते 20 आपोआप पडतात. त्यांतल्या बहुतेक पहिल्या 12 आठवड्यांतच. म्हणजे हे क्वचित घडणारे नाही, फक्त कुणी बोलत नाही.

मुख्य कारण
सुरुवातीच्या जवळपास निम्म्या गर्भपातांत गर्भातील गुणसूत्रांची संख्या किंवा रचना चुकलेली असते. स्त्रीबीज, शुक्राणू किंवा फलनानंतरच्या पेशी तयार होताना ही चूक योगायोगाने होते. असा गर्भ वाढूच शकत नाही. आईने पाण्याचा हंडा उचलला नसता तरी तो टिकला नसता. वय 35 च्या पुढे गेले की हा धोका वाढतो, चाळिशीनंतर बराच.

इतर कारणे
ताब्यात नसलेली शुगर, थायरॉइडचा आजार, गर्भाशयाच्या रचनेतला दोष, रक्तात गुठळ्या होण्याचे काही आजार, मलेरियासारखा संसर्ग. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत.

तंबाखूबद्दल स्पष्ट बोलायला हवे. आपल्याकडे खर्रा आणि गुडाखू घरातल्या बायकाही घेतात. निकोटीन नाळेतून बाळापर्यंत पोहोचते. घरातल्या पुरुषांच्या बिडी-सिगारेटचा धूरही गरोदर बाईला त्रासाचाच.

पूर्व विदर्भात सिकलसेल जास्त आढळतो आणि भंडारा याच पट्ट्यात येतो. आईला सिकलसेलचा आजार असेल तर गर्भ पडण्याचा धोका वाढतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक वेळी बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. 'हा आपल्यातला आजार नाही' असे समजून तपासणी टाळू नका. नात्यात निकाह ठरत असेल तर आधीच दोघांची रक्ततपासणी करून घ्यावी. जुलै 2023 पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू आहे.

ज्याने गर्भ पडत नाही
घरातले नेहमीचे काम, एसटीचा साधा प्रवास, भांडण, रडणे, भीती, नजर. पिकलेली पपई एखाद्या वेळी खाल्ली म्हणूनही नाही.

केव्हा लगेच दवाखाना गाठायचा?
- तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव
- पोटात एका बाजूला जोराची कळ, खांद्यात दुखणे, चक्कर
- ताप किंवा घाण वासाचा स्राव

एका बाजूची कळ आणि चक्कर म्हणजे गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. त्यात जीव जाऊ शकतो. 'रात्र काढू, सकाळी बघू' म्हणू नका. 108 किंवा 102 वर फोन करा. थोडे डाग दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अनेकदा सोनोग्राफीत बाळ ठीक असते.

दवाखान्यात नेताना दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली हिमोग्लोबिन: गरोदरपणात 11 पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय, आणि अशा बाईला रक्तस्राव लवकर झेपेनासा होतो. दुसरी रक्तगट: आईचा निगेटिव्ह असेल तर किती आठवडे झाले ते पाहून डॉक्टर अँटी-डी इंजेक्शन ठरवतात. ते शक्यतो 72 तासांच्या आत लागते.

कागदावरचा 'अबॉर्शन' शब्द
रिपोर्टवर 'मिस्ड अबॉर्शन', 'इनकम्प्लिट अबॉर्शन' असे लिहिलेले असते. यावरून काही घरांत संशय घेतला जातो की बाईने मुद्दाम पाडले. डॉक्टरी भाषेत आपोआप पडलेल्या गर्भालाही अबॉर्शनच म्हणतात. कागद जपून ठेवा, पुढच्या वेळी तोच कामी येतो.

पुढे काय?
एकदा असे झालेल्या बहुतेक बायकांना पुढे सुखरूप बाळ होते. दोन किंवा जास्त वेळा झाले तर नवरा-बायको दोघांची तपासणी करावी. एकट्या सुनेला दवाखान्यात फिरवून किंवा दुसऱ्या निकाहाची गोष्ट काढून कारण सापडत नाही.

पाळी चुकली की 12 आठवड्यांच्या आत आशाताईंकडे नोंदणी करा. दर महिन्याच्या 9 तारखेची सुरक्षित मातृत्व अभियानातली तपासणी चौथ्या महिन्यापासून असते. तिची वाट बघाल तर नाजूक काळ निघून जातो. फॉलिक ॲसिड मूल ठरवण्याच्या आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम घ्यावे. ते गर्भपात थांबवत नाही, पण बाळाच्या मणक्याचे दोष टाळते.

गरोदर बाईला जिवाची किंवा बाळाची भीती असेल तर रोजा नंतर ठेवण्याची सवलत शरीयतमध्ये आहे. गर्भ पडल्यावर नमाज-रोजा आणि दफनाचे मसले किती दिवसांचा गर्भ होता यावर ठरतात. रिपोर्ट बघून आलिमांना विचारावे.

नोकरी करणाऱ्या बाईसाठी 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यापासून गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद आहे. घरकाम करणाऱ्या सुनेला अशी रजा कोणता कायदा देत नाही. ती सासूबाई आणि नवऱ्यानेच द्यायची आहे. काही दिवस आराम, पोटभर जेवण, लोहाच्या गोळ्या, आणि 'तुझी चूक नाही' हे एक वाक्य घरच्यांनी तिला द्यावे.