वगळली गेलेली तुलना

१/ 'सी' भाषेतील पॉइंटर म्हणजे स्मृतीतला पत्ता. तो वापरण्यापूर्वी रिकामा, म्हणजे 'नल', आहे का हे तुलना करून पाहायचे असते.

२/ २००९ साली लिनक्स कर्नलच्या 'टन' ड्रायव्हरमध्ये हा क्रम उलटला. पॉइंटर आधी वापरला गेला, तुलना नंतर आली. वापरला त्या अर्थी तो नल नसणारच, असे गृहीत धरून जीसीसी कंपायलरने ती तुलनाच निमूटपणे वगळली. या फटीतून कर्नलचा ताबा घेता येतो, हे ब्रॅड स्पेंगलर यांनी त्याच जुलैत दाखवून दिले.

३/ त्यानंतर कर्नलसाठी अशा तपासण्या वगळण्यास मनाई करणारा पर्याय लागू झाला. २०२२च्या जीसीसी १२ने संशयास्पद पत्ता-तुलनांवरील इशाऱ्यांची व्याप्तीही वाढवली. उत्तर आधीच ठरलेली तुलना सहसा कोणी हेतुपुरस्सर लिहीत नाही. म्हणूनच तिथे यंत्राने मौन सोडायला हवे.