पुण्यातल्या स्टार्टअपमध्ये जागा कशा भरतात? गावातून तयारी करणाऱ्यांसाठी माहिती

रत्नागिरी : फिनोलेक्स अ‍ॅकॅडमी, आंबवचं माने कॉलेज, लवेलचं घरडा इन्स्टिट्यूट, शासकीय तंत्रनिकेतन. दरवर्षी जिल्ह्यातून कॉम्प्युटर शिकलेली मुलं बाहेर पडतात. मोठ्या आयटी कंपन्यांची पद्धत त्यांना ठाऊक असते, आधी ऑनलाइन परीक्षा, मग मुलाखत, मग ऑफर लेटर. स्टार्टअपची भरती तशी होत नाही.

स्टार्टअप म्हणजे नव्या कल्पनेवर उभी राहिलेली आणि झपाट्याने वाढू पाहणारी कंपनी. केंद्र सरकारने 16 जानेवारी 2016 ला 'स्टार्टअप इंडिया' सुरू केल्यावर हा शब्द गावोगाव पोचला. पुण्यात मात्र हे आधीपासूनच चालू होतं. ड्रुवा 2008 ची, फर्स्टक्राय 2010 ची. आज बाणेर, बालेवाडी, खराडी, हिंजवडी या भागात अशी बरीच ऑफिसं आहेत.

जाहिरातीआधी ओळख

दहा-पंधरा माणसांच्या कंपनीत भरतीसाठी वेगळं खातं नसतं. माणूस हवा असला की मालक, म्हणजे फाउंडर, आधी आपल्याच टीमला विचारतो, "कुणी ओळखीचं आहे का?" पुष्कळ जागा इथेच भरतात. कारण साधं आहे. एवढ्या छोट्या कंपनीत एक माणूस चुकीचा आला तर सगळ्यांचं काम अडतं.

कोकणाला हे नवीन नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा आपला माणूस मुंबईत गाववाल्यांच्या खोलीवर उतरायचा आणि गाववालाच त्याला जॉबरकडे न्यायचा. तिथे गाव एक असलं की पुरे व्हायचं. इथे ओळख कामातून होते. चुलतभाऊ पुण्यात असेल तर एखादी मुलाखत मिळेलही, पण कोड लिहून दाखवावाच लागतो.

गावात बसून काय करता येतं?

स्वतः काहीतरी बनवा आणि ते गिटहबवर ठेवा. बागायतदाराच्या आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारं साधं अ‍ॅप चालेल, फक्त ते कुणीतरी खरोखर वापरत असावं. क्लासच्या सर्टिफिकेटांपेक्षा याचं वजन जास्त पडतं, असं आमचं मत.

पुण्यात पुणे ओपन कॉफी क्लब 2008 पासून आहे. तिथे स्टार्टअपवाले एकमेकांना भेटतात. पायथन पुणेसारखे प्रोग्रामरांचे गटही आहेत. पण एका भेटीसाठी रात्रीची एसटी पकडून जाणं सगळ्यांना परवडत नाही. म्हणून आधी लिंक्डइनवर त्या कंपनीतल्या माणसाशी बोला. एकदम फाउंडरलाच गाठायला हवं असं नाही, दोन-तीन वर्षं काम केलेला आपल्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी जास्त उपयोगी पडतो. मेसेज चार ओळींचा पुरे : तुम्ही कोण, काय बनवलं, त्याची लिंक, काय हवंय. "सर, काहीही जॉब असेल तर सांगा" एवढंच लिहिलं तर समोरच्याने तुमचं नाव कुणाला सुचवायचं, आणि कशासाठी?

ऑफर आली तर

कंपनीची नोंदणी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर तपासता येते. पगार हातात किती पडणार, ते लेखी घ्या. 20 किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ लागू होतो. 'शेअर देऊ' असं सांगितलं तर ते किती वर्षांनी नावावर होणार आणि मध्येच नोकरी सोडली तर काय, हे विचारा. फर्स्टक्राय 2010 ची, शेअर बाजारात आली 2024 मध्ये. कधी कधी कंपनीच शेअर परत विकत घेते, पण त्या भरवशावर घरचा हप्ता ठरवू नका. आणि स्टार्टअप बंदही पडतात, तेव्हा दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला असलेला बरा.

पैसे मागितले तर थांबा

'रजिस्ट्रेशन फी', 'लॅपटॉपचं डिपॉझिट', 'ट्रेनिंगचा खर्च' अशा नावांनी कुणी पैसे मागत असेल तर एक रुपयाही पाठवू नका. मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायला देऊ नका, ओटीपी सांगू नका. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.