‘पाहुणा तारा’ ते ‘ए-टी’ : अल्पकालिक ज्योतींच्या नामकरणाचा इतिहास

आकाशात पूर्वी न दिसलेली ज्योती अकस्मात प्रकटली, तर तिला काय म्हणावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ परिभाषेचा वाटतो. वस्तुतः निरीक्षकाला त्या ज्योतीविषयी किती ठाऊक आहे, आणि किती ठाऊक आहे असे त्यास वाटते, याची साक्ष ते नावच देत असते.

१०५४ साली वृषभ राशीत प्रकटलेल्या ज्योतीची नोंद चिनी ज्योतिर्विदांनी ‘के-शिंग’, म्हणजे ‘पाहुणा तारा’, या संज्ञेने केली. पाहुणा येतो व जातो. तो मूळचा कोण, याविषयी ही संज्ञा मौन पाळते. याउलट, १५७२ साली शर्मिष्ठेत दिसलेल्या ज्योतीवर टायको ब्राहे याने पुढील वर्षी प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथाच्या शीर्षकातच ‘नवा तारा’ हे शब्द होते. ‘नोव्हा’ आणि आपला ‘नवतारा’ हे शब्द याच परंपरेतील होत. परंतु जो जन्म समजला गेला, तो मृत्यू होता. धूलिमेघांवरून परावर्तित होऊन उशिरा पोहोचलेल्या त्याच प्रकाशाचा वर्णपट २००८ साली अभ्यासण्यात आला, तेव्हा तो श्वेत लघुताऱ्याचा स्फोट असल्याचे निश्चित झाले. नाव देणे आणि ओळख पटणे यांत ४३५ वर्षे लोटली.

विसाव्या शतकात बाडे व झ्विकी यांनी अशा प्रचंड स्फोटांस साध्या नवताऱ्यांहून वेगळे काढून ‘सुपर-नोव्हा’ हे नाव दिले. १९३६ पासून झ्विकी पालोमार पर्वतावरील १८ इंची श्मिट दुर्बिणीने छायाचित्रे घेऊन ती जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहू लागला. शोध विरळ होते. म्हणून प्रत्येकाची स्वतंत्र चिकित्सा करण्यास अवसर होता.

स्वयंचलित सर्वेक्षणांनी ही स्थिती पालटली. कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली २००९ साली पालोमारच्याच ४८ इंची दुर्बिणीवर असे एक सर्वेक्षण सुरू झाले. त्याचा वारसा चालविणारे, झ्विकीच्याच नावाचे सर्वेक्षण २०१८ पासून तेथे चालू झाले. त्याचे एकेक चित्र सुमारे ४७ चौरस अंश आकाश व्यापते. संगणक नव्या चित्रातून जुने वजा करतो व उरलेला फरक नोंदवितो. फरक कशाचा, हे मात्र वजाबाकी सांगत नाही. त्यासाठी वर्णपट लागतो, आणि सापडणाऱ्या सर्वच ज्योतींचा वर्णपट घेण्याइतका वेळ मोठ्या दुर्बिणींपाशी नसतो.

या अडचणीतूनच आजची नामपद्धती सिद्ध झाली. २०१६ पासून आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत नवी ज्योती प्रथम ‘ए-टी’, म्हणजे केवळ ‘खगोलीय अल्पकालिक’, या उपपदाने नोंदविली जाते. वर्णपटाने निर्वाळा दिल्यावरच स्फोटवाचक ‘एस-एन’ हे उपपद लाभते. हवाई बेटांवरील ॲटलास सर्वेक्षणाला जून २०१८ मध्ये आढळलेली विलक्षण ज्योती शास्त्रीय लेखनात ‘ए-टी २०१८ काऊ’ या नावाने रूढ आहे. ‘काऊ’ ही अक्षरे केवळ अनुक्रमाने आली. गाईशी त्यांचा संबंध नाही. तिच्या स्वरूपाविषयी मतभेद असल्यामुळे हे निरर्थक नावच तिला अधिक शोभते.

अज्ञात वस्तूस अर्थगर्भ नाव देण्याची घाई केल्यास ते नाव पुढे शतकानुशतके चूक वागवीत राहते, हे ‘नवतारा’ या शब्दावरून दिसते. ‘ए-टी’ ही दोन अक्षरे ती घाई टाळतात. या एका बाबतीत आधुनिक यंत्रयुग टायकोपेक्षा चिनी नोंदकारांच्या अधिक निकट आहे, असे म्हणावे लागते.