‘केवळ जातीच्या कारणावरून’

सरकारी शाळेत कोणाही मुलास जातीमुळे प्रवेश नाकारता येत नाही, हा नियम आज इतका अंगवळणी पडला आहे की त्यालाही एक जन्मगाव असेल आणि त्याच्या जन्मासमयी तीन शहरांच्या दफ्तरांत कागदी घोडे नाचले असतील, अशी शंका प्रवेश-अर्जावर सही करणाऱ्या पालकाच्या मनास शिवत नाही. त्याचे कूळ शोधू गेल्यास आपण धारवाडास जाऊन पोहोचतो. १८५६ च्या जून महिन्यात, तेव्हा मुंबई इलाख्यात मोडणाऱ्या या गावी, एका महार मुलाने सरकारी शाळेत नाव घालण्यासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. आणि तेवढ्यावर गप्प न बसता त्याने थेट मुंबई सरकारकडे दाद मागितली. सरकारी ठरावात त्याला ‘महार अर्जदार’ एवढेच म्हटले आहे.

२१ जुलै १८५६ चा तो ठराव राज्यकर्त्यांच्या धूर्तपणाचा एक अस्सल नमुना मानावा लागेल. तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे, याविषयी सरकारास शंका नाही; परंतु एकदोघांखातर युगानुयुगांच्या समजुतींत एकाएकी हात घालणे म्हणजे एकंदर शिक्षणकार्याचीच हानी करणे होय; आणि अर्जदाराची अडचण काही या सरकारने निर्माण केलेली नाही, तेव्हा ती सरकारने तडकाफडकी दूर करावी हेही शक्य नाही, असा त्याचा आशय. न्याय मान्य करून अर्ज फेटाळण्याची ही रीत पुढेही पुष्कळांच्या उपयोगी पडली.

मामला कलकत्त्यास गेला. तेथून जानेवारी १८५७ मध्ये उत्तर आले ते मासलेवाईक होते: मुंबई सरकारने बहुधा शहाणपणाच केला असावा, मात्र बंगालच्या कोणत्याही सरकारी शाळेने या मुलास परत पाठविले नसते! पुढे उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटला, तो विझण्यापूर्वीच, एप्रिल १८५८ मध्ये, लंडनहून कंपनीच्या संचालकांचा खलिता निघाला. स्वतःची सत्ता संपुष्टात येण्यास अवघे काही महिने उरले असता या व्यापारी मंडळींनी निःसंदिग्धपणे लिहिले की सरकारी विद्यालये सर्व वर्गांसाठी खुली असावीत असाच आमचा हेतू आहे आणि या तत्त्वापासून आम्हांस ढळता येणार नाही; त्यामुळे काही मुले शाळा सोडून गेली तरी बेहत्तर, ज्यांना हे रुचत नसेल त्यांनी आपल्या पैशाने खासगी शाळा काढाव्यात.

माझ्या मते या नियमाची खरी नाळ येथे आहे. त्याचा जन्म करुणेच्या पोटी झाला नाही. तो झाला जमाखर्चाच्या वहीत. जी शाळा सर्व रयतेच्या पैशावर चालते तिचे दार त्या रयतेतील कोणास बंद करावयाचे, हा प्रश्न व्यापाऱ्याच्या बुद्धीस सुचणारा होता, आणि हा मूळ स्वभाव नियमाने पुढे कधी सोडला नाही. १८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शिक्षण आयोगाने तोच पुन्हा शब्दबद्ध केला: केवळ जातीच्या कारणावरून कोणाही मुलास सरकारी शाळेत वा महाविद्यालयात प्रवेश नाकारू नये, आणि हे तत्त्व सर्वस्वी सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेस लागू करावे; मात्र ‘योग्य त्या सावधगिरीने’. या सावधगिरीच्या पोटात पुढली चाळीस वर्षे गडप झाली. वस्तुस्थिती काय होती, हे याच आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी स्पष्ट सांगितले होते. महार-मांगांच्या मुलांस उच्चवर्णीयांच्या मुलांशेजारी बसू देत नाहीत, म्हणून ती सर्वच शाळांबाहेर पडली आहेत. त्यांच्यासाठी सरकारने वेगळ्या शाळा काढल्या आहेत, पण पुण्यासारख्या शहरात पाच हजारांहून अधिक वस्तीला अशी शाळा एकच, आणि तिची हजेरी तिसाच्याही आत. संचालकांची नजर दारावर होती. जोतीरावांची नजर बसावयाच्या जागेवर होती. हंटर आयोगाने वेगळ्या शाळांना उत्तेजन देण्याचीही शिफारस केली खरी, पण सामायिक शाळेत कोणी कोठे बसावे, याविषयी नियम मुकाच राहिला.

या मुकेपणाचा अर्थ काय, हे साताऱ्यास पाहावे. तेथील सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी इंग्रजी पहिलीत एका मुलाचे नाव दाखल झाले. दाखल-रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद आहे. कागदोपत्री संचालकांचा खलिता येथे अक्षरशः अमलात आलेला दिसतो: सरकारी शाळा, महार मुलगा, रीतसर प्रवेश. आत काय होते ते बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. वर्गात कोपऱ्यात एकट्याने बसावयाचे, तेही स्वतःच्या गोणपाटाच्या तुकड्यावर. शाळा झाडणारा नोकर त्या तुकड्यास हात लावणार नाही, म्हणून संध्याकाळी तो गुंडाळून घरी न्यावयाचा आणि सकाळी पुन्हा आणावयाचा. तहान लागली तर नळास हात लावावयाचा नाही. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, आणि शिपाई जागेवर नसेल तर दिवसभर कोरड. यांपैकी कोणत्याही गोष्टीने १८५८ च्या खलित्याचा भंग होत नव्हता.

बसावयाच्या जागेत प्रथम हात घातला तो एका संस्थानिकाने: १९१९ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळांत बसविण्याचा हुकूम काढला. ब्रिटिश मुलखात पाऊल पडले ते पैशाच्याच वाटेने. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला तो सार्वजनिक खर्चाने बांधलेल्या व चालविलेल्या विहिरी-पाणवठे, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने यांविषयी होता. आणि त्याच साली, जी अनुदानित शाळा अस्पृश्यांच्या मुलांस प्रवेश नाकारील तिचे अनुदान बंद, असा सरकारी निर्णय झाला. तत्त्वाला दात फुटले ते अशा रीतीने.

राज्यघटनेच्या २९ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात हे सारे कूळ एका वाक्यात उतरले आहे. राज्याने चालविलेली किंवा राज्याच्या निधीतून साहाय्य घेणारी शिक्षणसंस्था हा संचालकांचा आणि १९२३ चा वारसा. आणि केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणावरून प्रवेश नाकारू नये, यातला ‘केवळ’ हंटरच्या घरचा. दैवदुर्विलास असा की सर्वोच्च न्यायालयात या खंडाचा पहिला मोठा वापर धारवाडच्या अर्जदाराच्या वारसांनी केला नाही. १९५१ च्या चंपकम् दोराईराजन खटल्यात मद्रास सरकारची जातवार जागावाटपाची पद्धत याच वाक्याच्या बळावर एका ब्राह्मण फिर्यादी स्त्रीने रद्द करवून घेतली, आणि मग त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून मागासवर्गीयांसाठी विशेष तरतुदीचा चौथा खंड १५ व्या अनुच्छेदास जोडावा लागला.

दाराच्या आतल्या वागणुकीकडे कायद्याने शाळेच्या संदर्भात १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यातच वळून पाहिले होते; प्रवेशानंतर अस्पृश्यतेवरून केलेला भेदभाव त्याने दंडनीय ठरविला. पुढचे पाऊल पडले ते २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात. वंचित गटातील बालकाशी भेदभाव होऊ नये आणि त्याचे शिक्षण पुरे होण्यात आडकाठी येऊ नये, हे पाहण्याचे कर्तव्य त्यातील आठव्या कलमाने सरकारवर टाकले. त्याच कायद्याने सरकारचा एक पैसाही न घेणाऱ्या खासगी शाळांस पहिल्या वर्गातील निदान शेकडा २५ जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवण्यास सांगितले, आणि आपल्या पैशाने खासगी शाळा काढा ही संचालकांनी ठेवलेली पळवाट दीडशे वर्षांनी अंशतः बुजली. अंशतः म्हणावयाचे कारण, त्या जागांचा खर्चही सरकारनेच भरून द्यावयाचा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने, सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेवर हे बंधन नाही, अशी नियमात दुरुस्ती केली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली आणि पुढल्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला.