लहान मुलांसोबत खेळायला स्ट्रॅटेजी बोर्ड गेम कसा निवडायचा? डब्यावरचं वय बघण्याआधी हे वाचा

बऱ्याच घरांत हे घडलेलं असतं. वाढदिवसाला किंवा दिवाळीच्या सुट्टीसाठी हौसेने एक महागडा बोर्ड गेम घेतला जातो. पहिल्या दिवशी नियम वाचण्यातच अर्धा तास जातो. दहा वर्षांच्या थोरल्याला खेळ जमतो, सहा वर्षांची धाकटी कंटाळते आणि आजी "मला नाही बाई कळत यातलं" म्हणत उठून जाते. शेवटी धाकटीला समजवायला "तू लिंबूटिंबू" असं सांगितलं जातं. दोन डाव होतात आणि डबा कपाटावर जातो.

यात मुलांचा दोष नसतो आणि बहुतेक वेळा खेळही वाईट नसतो. निवड चुकलेली असते. घरात कोणालाही लिंबूटिंबू करावं लागणार नाही असा खेळ शोधायचा असेल, तर काय बघायचं ते समजून घेऊया.

स्ट्रॅटेजी गेम म्हणजे नेमकं काय?

सापशिडी आठवा. तुम्ही फासा टाकता आणि सोंगटी पुढे सरकवता. संपूर्ण डावात तुम्हाला एकही निर्णय घ्यावा लागत नाही. तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणी फासा टाकला तरी फरक पडत नाही. आपल्याकडच्या मोक्षपटावरून हा खेळ इंग्लंडला गेला आणि पाप-पुण्याचा हिशोब मागे पडून फक्त साप आणि शिड्या उरल्या.

लुडोमध्ये थोडा निर्णय असतो, कारण कोणती सोंगटी चालवायची हे तुम्ही ठरवता. बुद्धिबळात सगळंच तुमच्या हातात असतं. म्हणूनच बुद्धिबळात सहा वर्षांचं मूल खेळणाऱ्या मोठ्या माणसाला जवळजवळ कधीच हरवू शकत नाही.

लहान मुलं असलेल्या घराला या दोन टोकांच्या मधला खेळ हवा असतो. मुलाच्या निर्णयाला किंमत असावी, पण थोडं नशीबही असावं, म्हणजे मोठ्यांचा अनुभव दरवेळी जिंकणार नाही.

असे मधले खेळ गेल्या काही दशकांत जर्मनीत फार बहरले. तिथे १९७९ पासून 'श्पील देस यारेस', म्हणजे 'वर्षातला सर्वोत्तम खेळ', हा पुरस्कार दिला जातो. २००१ पासून मुलांच्या खेळांसाठी वेगळा आणि २०११ पासून जाणकार खेळाडूंसाठी वेगळा पुरस्कार आहे. डब्यावर सोंगटीचं चिन्ह दिसलं तर रंग बघा. लाल म्हणजे कुटुंबासाठी, निळा म्हणजे लहान मुलांसाठी आणि गडद राखाडी म्हणजे जरा अवघड.

डब्यावरचं वय कितपत खरं?

डब्यावर '८+' लिहिलेलं असतं, पण ते कशाबद्दल आहे हे कळत नाही. कधी वाचता येणं गरजेचं असतं, कधी तुकडे बारीक असतात, तर कधी खेळच लांबतो. म्हणून वयाऐवजी हे सहा प्रश्न विचारा.

१. वाचावं लागतं का? पत्त्यांवर इंग्रजी वाक्यं असतील तर मराठी माध्यमातलं दुसरीचं मूल आणि आजी दोघंही अडतात. रंग, आकार आणि चित्रांवर चालणारा खेळ घेतला तर तीन पिढ्या एकत्र बसू शकतात.

२. आपली पाळी किती वेळाने येते? चौघं जण प्रत्येकी एक मिनिट विचार करत असतील तर मुलाला तीन मिनिटं नुसतं बसावं लागतं. सहा वर्षांच्या मुलासाठी हा खूप वेळ आहे.

३. एका पाळीत किती पर्याय असतात? दोन-तीन पर्याय असले तर मूल विचार करतं. दहा असले तर गोंधळतं किंवा काहीही करून मोकळं होतं.

४. कोणी मध्येच बाद होतं का? 'व्यापार'सारख्या खेळात एकाचं दिवाळं निघतं आणि बाकीचे तासभर खेळत राहतात. लवकर बाद होणारा बहुतेक वेळा घरातला सर्वात लहान भिडूच असतो.

५. दुसऱ्याचं नुकसान करावं लागतं का? स्वतःची वस्ती उभी करायला मिळाली तर मूल हरलं तरी समाधानी असतं. मात्र दादाने मुद्दाम ती वस्ती मोडली की रडारड ठरलेली.

६. पत्ते लपवून धरावे लागतात का? पाच वर्षांच्या हातात सात पत्ते मावत नाहीत. शिवाय पत्ते लपलेले असले की मदतही करता येत नाही. सगळं पटावर उघडं असेल तर "हा तुकडा कुठे बसेल?" असं मोकळेपणाने बोलता येतं.

वयानुसार काही पारखलेले खेळ

*तीन ते पाच वर्षं*

या वयात सगळे एका बाजूने खेळतील असा खेळ घ्या. अशा सहकारी खेळात सगळे मिळून जिंकतात किंवा हरतात. जर्मनीच्या हाबा कंपनीचा 'ऑर्चर्ड' १९८६ पासून चालत आलाय. कावळा बागेत पोहोचण्याआधी झाडांवरची सगळी फळं तोडायची. फाशावर रंग आला की त्या रंगाचं फळ आणि टोपली आली की आपल्या आवडीची फळं. गंमत या टोपलीत आहे. मुलं आधी आवडतं फळ तोडतात. काही डावांनंतर त्यांच्या लक्षात येतं की ज्या झाडावर सर्वात जास्त फळं उरली आहेत तिथली तोडली तर जिंकण्याची शक्यता वाढते. आयुष्यातली ही पहिली स्ट्रॅटेजी असू शकते, म्हणून ती त्यांना सांगून टाकू नका.

'हूट आउल हूट' चार वर्षांपासून खेळता येतो. सूर्य उगवण्याआधी सगळ्या घुबडांना घरट्यात पोहोचवायचं. प्रत्येकासमोर तीन पत्ते उघडे असतात, त्यामुळे कोणता रंग कोणत्या घुबडासाठी वापरायचा यावर सगळ्यांची चर्चा होते.

*सहा ते सात वर्षं*

'ब्लोकस'चा नियम एका मिनिटात सांगून होतो. तुमचा नवा तुकडा तुमच्याच रंगाच्या तुकड्याला फक्त कोपऱ्याने टेकला पाहिजे, बाजूने नाही. २० बाय २० चौकटींचा पट आणि प्रत्येकाकडे २१ तुकडे. वाचायचं काहीच नाही, पाळ्या भराभर येतात आणि आजी-आजोबांनाही लगेच जमतं. मात्र यात अडवाअडवी होते आणि खरी मजा चौघं असतानाच येते. घरात तिघंच असाल तर घेण्याआधी विचार करा.

'किंगडोमिनो' २०१७ साली श्पील देस यारेस ठरला. डब्यावर ८+ असलं तरी ज्याला डॉमिनो जुळवता येतो त्याला हा खेळ जमतो. शेत, जंगल, पाणी असे तुकडे जोडून पाच बाय पाचचं राज्य उभारायचं. चांगला तुकडा घेतलात तर पुढच्या फेरीत निवडायची पाळी उशिरा येते, म्हणजे प्रत्येक वेळी मोह आणि सोय यांच्यात निवड करावी लागते. शेवटी जमिनीच्या चौकटी गुणिले मुकुट असे गुण मोजतात. पाढे शिकणाऱ्या मुलाला हिशोबाचं काम द्या. डाव १५-२० मिनिटांत संपतो, त्यामुळे हरलेल्याला लगेच दुसरा डाव मिळतो.

*आठ वर्षांपासून पुढे*

'कार्कासोन' (२००१ चा विजेता) मध्ये एक तुकडा उचलायचा, नकाशाला जोडायचा आणि हवं तर त्यावर आपला माणूस ठेवायचा. हातात लपवलेलं काही नसतं. शेतकऱ्यांचा नियम मात्र मुलांना कळायला अवघड जातो, तो पहिले काही डाव बाजूला ठेवा.

'टिकट टू राइड' (२००४ चा विजेता) मध्ये रंगीत पत्ते जमवून नकाशावर रेल्वेमार्ग टाकायचे. आपल्या पाळीत तीनपैकी एकच गोष्ट करायची : पत्ते घ्यायचे, मार्ग टाकायचा किंवा नवी तिकिटं घ्यायची. शहरांची नावं इंग्रजीत वाचावी लागतात, एवढं लक्षात ठेवा. सहा वर्षांपासूनच्या मुलांसाठी 'फर्स्ट जर्नी' ही सोपी आवृत्ती आहे. भारताचा नकाशाही मिळतो, पण तो स्वतंत्र खेळ नाही. त्यासाठी मूळ खेळातले डबे आणि पत्ते लागतात.

'अझुल' (२०१८ चा विजेता) पोर्तुगीज रंगीत फरशांवर बेतलेला आहे. पणजीच्या फोंतेन्यासमध्ये घरांच्या भिंतींवर ज्या 'अझुलेजो' दिसतात, त्याच परंपरेतल्या. खेळ देखणा आहे आणि वाचन शून्य. पण नको असलेल्या फरशा दुसऱ्याच्या गळ्यात मारता येतात, त्यामुळे लवकर रुसणाऱ्या मुलासाठी थोडं थांबा.

'कटान' (१९९५) सगळ्यांनी ऐकलेला असतो, म्हणून बरेच जण तोच आधी घेतात. तो किमान तिघांचा खेळ आहे, डब्यावर १०+ लिहिलेलं आहे, त्यात सौदेबाजी आहे आणि दरोडेखोर येऊन माल पळवतो. मोठी माणसं छोट्याला सौद्यात सहज गुंडाळतात. मुलं लहान असतील तर आधी 'कटान ज्युनिअर' बघा.

एक खेळ फुकटात

काहीही विकत न घेता सुरुवात करायची असेल तर वाघ-बकरी आहेच. आपल्याकडे देवळांच्या ओट्यांवर आणि लेण्यांत असे पट कोरलेले सापडतात. नेपाळमध्ये हाच खेळ 'बाघचाल' म्हणून खेळतात. त्याचे नियम असे :

- खडूने २५ बिंदूंचा पाच बाय पाचचा पट काढा. आडव्या-उभ्या रेघा, मोठ्या चौकोनाचे दोन्ही कर्ण आणि चार बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा तिरका चौकोन काढा.
- चार कोपऱ्यांत चार वाघ ठेवा. दुसऱ्याकडे २० बकऱ्या, म्हणजे चिंचोके किंवा बटणं.
- बकरीवाला प्रत्येक पाळीत एक बकरी ठेवतो. सगळ्या ठेवून झाल्याशिवाय बकरी हलत नाही.
- वाघ रेघेवरून एक घर सरकतो किंवा बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारून तिला खातो.
- पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकले. सगळे वाघ कोंडले गेले की बकऱ्या जिंकल्या.

यातून एक गोष्ट लगेच कळते : तुमच्या मुलाला विचार करून खेळायला आवडतं की नाही. आवडत असेल तर मग खर्च करा.

विकत घेण्याआधी

- आधी खेळून बघा. पुण्या-मुंबईत बोर्ड गेम कॅफे आहेत. ते जवळ नसेल तर यूट्यूबवर संपूर्ण डावाचा व्हिडिओ बघा. नुसता डबा उघडून दाखवणारा व्हिडिओ उपयोगाचा नाही.
- 'बोर्डगेमगीक' या वेबसाइटवर प्रत्येक खेळाच्या अवघडपणाला १ ते ५ अंक दिलेला असतो. सुरुवातीला २ च्या आसपास किंवा त्याखालचा खेळ घ्या.
- घरात नेहमी किती जण खेळणार ते मोजा. 'दोन ते चार' लिहिलेला प्रत्येक खेळ दोघांत रंगतोच असं नाही.
- १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर बारीक तुकड्यांचे खेळ त्याच्या हाताला लागू देऊ नका.
- फारच स्वस्तात मिळणारा नामांकित खेळ नक्कल असू शकतो. पत्ते पातळ आणि छपाई पुसट असली की खेळायची मजा जाते.

खेळताना : मुद्दाम हरायचं का?

हा प्रश्न प्रत्येक आई-बाबांना पडतो. मुद्दाम हरलात तर मुलांना ते आज ना उद्या कळतंच. मग जिंकण्याची किंमत राहत नाही. त्यापेक्षा सुरुवातीलाच उघडपणे सूट द्या. मुलाला पाच गुण जास्तीचे, किंवा बाबांनी विचार करायला दहाच सेकंद, किंवा मुलाला प्रत्येक डावात दोनदा चाल परत घेण्याची मुभा. हे सगळं डाव सुरू होण्याआधी ठरवा आणि जमायला लागेल तशी सूट कमी करत जा.

सहकारी खेळात वेगळाच धोका असतो. मोठं माणूस सगळ्यांच्या चाली सांगू लागतं आणि मुलं फक्त सोंगट्या हलवतात. इथे एकच नियम करा : ज्याची पाळी, त्याचा शब्द शेवटचा. चूक दिसली तरी चालू द्या.

नियम समजावताना पुस्तिका वाचून दाखवू नका. आधी स्वतः दोन डाव खेळून घ्या, मग मुलांना "जिंकायचं कसं" एवढंच सांगून खेळ सुरू करा. बाकीचे नियम गरज पडेल तेव्हा सांगा. पहिला डाव सरावाचा धरा आणि त्याचे गुण मोजू नका.

आणि एका बैठकीवरून खेळाला नापास करू नका. तीन वेगवेगळ्या दिवशी तीन डाव खेळा. तिसऱ्या डावाच्या आधी मुलानेच डबा काढून आणला तर निवड बरोबर ठरली. सहा वर्षांची नात एखाद्या दिवशी कोणतीही सूट न घेता आजोबांना हरवेल आणि आजोबा खरोखर विचारतील, "हे कसं केलंस गं?" त्या दिवसापासून घरात कोणी लिंबूटिंबू उरणार नाही.