मागील पानावरून पुढे

परवा नातू मला संगणकावरचा हिशेबाचा तक्ता शिकवत होता. खर्चाच्या नोंदी तारखेप्रमाणे लिहिलेल्या, पण प्रत्येक ओळीपुढे त्या त्या खात्याची तोवरची बेरीज हवी होती. "आजोबा, 'सम-इफ' वापरायचं. पहिली ओळ डॉलरच्या चिन्हाने बांधून ठेवायची, शेवटची मोकळी सोडायची."

मी म्हटले, "अरे, ही तर खतावणी!"

आपल्याकडे ही रीत जुनी. पेशव्यांच्या दफ्तरात रोजकीर्दी आहेत. पेढीवरही व्यवहार घडेल तसा आधी कीर्दीत लिहीत, मग तीच नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवीत. कीर्द सांगते आज काय घडले. खतावणी सांगते कोण किती देणे लागतो. इटलीत लुका पाचोलीच्या १४९४ साली छापलेल्या ग्रंथातही रोजनामा आणि खातेवही अशीच जोडी आहे. १९७९ मध्ये 'व्हिजिकॅल्क' आले आणि हे तक्ते घरगुती संगणकावर उमटू लागले, इतकेच.

सरावासाठी मी आईची जुनी वही काढली. आम्ही लालबागला चाळीत राहायचो. वडील गिरणीत साचेखात्यात. आई चौथी शिकलेली, पण वाणी, दूध, भाडे, भिशी, गावची मनीऑर्डर, प्रत्येकाला वेगळे पान. नोंदीपुढे तोवरची बेरीज आणि नव्या पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून'.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. वहीत मनीऑर्डरचे पान तिथेच थांबते, भिशीचेही. वाण्याचे मात्र चढत जाते.

आणि एक पान माझ्या नावाचे निघाले. मी तेव्हा शाळेत नोकरीला होतो, पगार आईच्या हाती देत असे. मला वाटायचे, तो घरखर्चात जमा होतो. आईने तो देणे म्हणून लिहिला होता, महिन्यामागून महिना, बेरजेसकट.

नुसती शेवटची बेरीज पाहिली असती तर ती फक्त एक रक्कम वाटली असती. ओळीने खाली उतरताना पहिली तारीख दिसली. त्याच्या आदल्या रात्री मी रागाच्या भरात वडिलांना म्हणालो होतो, "घर मी चालवतोय." वडील काही बोलले नव्हते. आईही नाही. तिने सकाळी खाते उघडले.

नातवाने विचारले, "हे कुठल्या वर्गात टाकू?" मला उत्तर देता आले नाही. आई जाऊन बरीच वर्षे झाली, खाते तसेच उघडे आहे.

असो. घरात अशा वह्या असतील तर रद्दीत घालू नका. आणि वाचताना थेट शेवटच्या बेरजेवर जाऊ नका.